चिखलाआधी उतरायचं
गाडी टोचन करून आणली होती. वेल्ह्याच्या पलीकडच्या वाडीवरून रोज पहाटे दुधाचे कॅन घेऊन खाली येणारा फोर बाय फोर पिकअप. मालक चार वाजल्यापासून खाचराच्या बांधाशी अडकलेला, दूध नासलेलं. गिअरबॉक्स गेला, असं त्याचं म्हणणं. फोर-व्हील टाकलं की पुढून कडाक् कडाक् आवाज येतो आणि पुढची चाकं काही ओढत नाहीत.

मिस्त्रींनी बोनेटला हातही लावला नाही. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि विचारलं, "पुढं-मागं, पुढं-मागं केलीत ना गाडी?"

"मग काय करणार मिस्त्री? अडकल्यावर माणूस दुसरं करतो काय?"

मी तेव्हा त्यांच्या हाताखाली दुसऱ्या वर्षाला होतो. गाडी जॅकवर घ्यायच्या आधीच त्यांचं निदान झालं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

पुढच्या चाकाच्या मधोमध जो डबा दिसतो, तो हब. गाडी टू-व्हीलवर असताना पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट हा सगळा पसारा विनाकारण फिरू नये, म्हणून हबमध्ये चाक आणि शाफ्ट वेगळे करता येतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला ही सोय नव्हती. पुढचा अ‍ॅक्सल कायम फिरत राहायचा, झिजायचा, पेट्रोल खायचा. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीप लोकांच्या हातात आल्या आणि 1948 मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला आर्थर वॉर्न यांनी त्या जीपसाठी हाताने लॉक होणारे हब बनवायला घेतले. उतरायचं, हबवरची चकती 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची, की आतली दातेरी रिंग सरकून चाक शाफ्टला जोडलं जातं. एवढंच काम.

पुढे आले ऑटोमॅटिक हब. ड्रायव्हरने खाली उतरायचंच नाही. काहींमध्ये व्हॅक्यूमची नळी रिंग ओढते. या पिकअपमध्ये होता तो कॅमचा प्रकार: शाफ्टला जोर आला की कॅम चढतो आणि रिंग आत ढकलतो. सोडवायचं असेल तर फोर-व्हील काढायचं आणि गाडी थोडी मागे घ्यायची. दिशा उलटली की लॉक सुटतं. सपाट रस्त्यावर ही उत्तम सोय आहे, ते नाकारत नाही. पण चिखलात अडकलेला माणूस गाडीला झोके देतो. पुढे घेतली की हब लॉक, मागे घेतली की सुटलं, परत लॉक. दर झोक्याला ते दाते अर्धवट बसलेले असताना इंजिनचा सगळा जोर त्यांच्यावर येतो. ज्या क्षणी हबची खरी गरज असते, नेमकं त्याच क्षणी त्याला सगळ्यात जास्त मार बसतो. शिवाय उतारावर चाकाने शाफ्टला मागे टाकलं, की अशा काही हबचं लॉक सुटतं आणि इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना उरतो. कॅन भरलेल्या गाडीने घाट उतरणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मिस्त्रींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. डबा उघडला, सर्क्लिप काढली, आणि एकेक वॉशर निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेले. मी एक वॉशर उचलून पुसायला घेतला तर हात धरला. "पूस. पण जिथून उचललास तिथंच ठेव. आणि कुठली बाजू आत होती, ते बघून ठेव." शेवटी कॅम हातात आला. त्याची कड तुटून तिचे तुकडे काळ्या ग्रीसमध्ये अडकले होते. ते त्यांनी तळहातावर वेचले आणि मालकाच्या हातात दिले. गिअरबॉक्स शाबूत होता.

मिस्त्रींनी त्याऐवजी हाताने लॉक होणारे हब बसवायला सुचवलं. मालकाने होकार दिला, पण मनातून खट्टू झाला होता. "म्हणजे गाडी जुन्या काळात न्यायची?" मिस्त्री म्हणाले, "रोजच्या त्या ओढ्यापाशी उतरून बघता ना पाणी किती आहे ते? तेव्हाच फिरवायचं."

बाहेरच्यांना वाटतं, जुना डबा काढला, नवा बसवला, झालं. खरं काम डब्याच्या मागे असतं. अशा ऑटो हबच्या कॅमसाठी बेअरिंगचे नट वेगळ्या रचनेचे असतात. हाताचा हब बसवताना आतला नट, भोकांचा लॉक वॉशर आणि बाहेरचा नट असा संचच बदलावा लागतो. दुसऱ्या एका गॅरेजातून आलेल्या गाडीत जुनेच नट ठेवून वर नवे हब चढवलेले मी पाहिले आहेत. चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर खडखडत होतं. बेअरिंग कोरडं, निळं पडलेलं. ती गाडी माणसं भरून घाटातून आली होती.

मिस्त्री आतला नट चाक फिरवत फिरवत आवळायचे, मग सैल सोडायचे, पुन्हा हलक्या हाताने बसवायचे. चाक वर-खाली धरून बघायचे. प्ले नको आणि चाक जडही नको. हबमध्ये ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. ठासून भरलं की रिंग अडखळते.

मग परीक्षा. गाडी जॅकवरच, हब 'फ्री'. मी चाक फिरवलं, आतला शाफ्ट जागचा हलला नाही. 'लॉक' केलं, चाक थोडं फिरवलं, आत खट् झालं आणि शाफ्ट चाकाबरोबर फिरू लागला. तो आवाज मला आजही कुठल्याही गॅरेजच्या गोंगाटात ओळखू येतो.

पंधरा दिवसांनी मालकाचा फोन: पुन्हा ओढत नाही. मिस्त्रींनी विचारलं, "दोन्ही बाजू फिरवल्यात?" पलीकडे शांतता. उजवीकडचा एकच लॉक केला होता. साध्या डिफरन्शियलमध्ये जोर सोप्या वाटेने निघून जातो; डावा शाफ्ट मोकळा, तर सगळं फिरणं तिकडेच, उजवं चाक जागच्या जागी.

श्रावणात मिस्त्रींबरोबर त्या वाडीला गेलो. ओढ्याच्या अलीकडे, कोरड्या खडकावर, मालकाने गाडी थांबवली. तो उजवीकडून उतरला, डावीकडून त्याचा मुलगा उतरला, असेल दहा-अकरा वर्षांचा. पोराने दोन्ही हातांनी चकती फिरवली, बोट ठेवून खूण पाहिली आणि ओरडला, "आबा, लॉक!" पलीकडून बापाने उत्तर दिलं, "लॉक!" मग दोघं आत बसले आणि गाडी पाण्यात घातली.