रातपाळीचा माणूस आणि चित्रमुद्रणाचे यंत्र

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सारे विषय येऊन जातात. अशा ठिकाणी बाजारातून जवळजवळ उठलेल्या एका यंत्राविषयी बोलायचे म्हणजे पंगतीत बसून केवळ चटणीचे वर्णन करण्यासारखे आहे, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु आमचा सारा वावर कामगारांत. दुपारी तीनला कारखान्यात शिरलेला माणूस रात्री साडेअकराला बाहेर पडतो. संध्याकाळच्या बातम्या, कामगार कायद्यांवरच्या चर्चा, मुलांबरोबर बसून पाहण्याजोगा एखादा कार्यक्रम, हे सारे त्याच्या पाठीमागे होऊन जाते. त्याचा वेळ मालकाने विकत घेतलेला असतो. आणि कार्यक्रमाची वेळ ठरवणारा तिसराच कोणी असतो. या दोघांच्या मधून आपली एक घटका सोडवून घेण्याची जी साधने निघाली, त्यांतले एक म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर.

कोणी म्हणेल, आता सर्व काही मोबाइलवर मिळते, मग हा जुना डबा कशाला? मिळते हे खरे. पण जे दुसऱ्याच्या दुकानात मांडलेले असते, ते त्या दुकानदाराच्या मर्जीपर्यंतच असते. आज दिसलेली चर्चा उद्या काढून टाकलेली असते, नाहीतर कापून निम्मी केलेली असते. कपाटात ठेवलेली तबकडी मात्र कोणाला विचारून जात नाही.

हा मुद्दा आम्हांला महत्त्वाचा वाटतो, म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वी थोडे त्याविषयी. दूरदर्शनचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झाले आणि मुंबईत ते २ ऑक्टोबर १९७२ ला आले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा शहराला एकच वाहिनी होती. त्या काळात पडद्यावर संपाविषयी काय सांगितले गेले आणि काय गाळले गेले, हे दाखवणारी फीत गिरणगावातल्या कोणाच्या घरी असणार? जिथे चूल पेटण्याची पंचाईत, तिथे चित्रमुद्रणाचे यंत्र कुठून येणार? ज्याच्याजवळ फीत, त्याच्याजवळ आठवण, असा हा व्यवहार आहे. आणि फीत ज्यांच्याजवळ असते ते तरी ती जपतात असे नाही. इंग्लंडच्या बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत आपलेच कितीतरी कार्यक्रम पुसून टाकले. तिथल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज आज ऐकायला मिळतो, तो घरी बसून ध्वनिमुद्रण करणाऱ्या साध्या प्रेक्षकांमुळे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. पूर्वी ग्रंथपाल, आणि कार्यकर्त्याचा पिंड. त्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत दूरदर्शनवरील बातम्या घरी रात्रंदिवस मुद्रित केल्या. सत्तर हजारांच्या आसपास फिती मागे राहिल्या आणि त्या पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. बाई सधन होत्या, हे विसरून चालणार नाही. एका पगारावर असला उद्योग होत नाही. पण एखाद्या कामगाराने आपल्या कामाच्या चार चर्चा जपून ठेवायला सत्तर हजार फिती लागत नाहीत.

आता यंत्र. घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर प्रथम १९९९ च्या अखेरीस जपानात आला आणि पुढली दहाबारा वर्षे त्याची चलती होती. आज तो जुन्या मालाच्या बाजारात किंवा कोणाच्या तरी माळ्यावर सापडतो. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याचा स्वतःचा रिमोट सोबत आहे की नाही. यंत्राच्या अंगावर चारसहाच कळा असतात. घड्याळ लावणे, वेळ बांधणे, तबकडी पक्की करणे ही सर्व कामे रिमोटवाचून अडतात. दुसरी, ते कोणत्या देशातून आले. आखातातून आणलेले बहुधा आपल्या विजेवर आणि आपल्या पाल पद्धतीच्या चित्रावर चालते. अमेरिकेहून भाच्याने आणलेले यंत्र ११०-१२० व्होल्टचे असते, आपल्या भिंतीत खुपसले की धूर. आणि विजेची सोय केली तरी ते आपले चित्र बहुधा स्वीकारत नाही. तिथे भाच्याचे प्रेम घ्यावे, यंत्र घेऊ नये.

यंत्राबरोबरचे जुने माहितीपुस्तक सांगते की अँटेनाची तार मागच्या भोकात घाला, वाहिन्या शोधा आणि मुद्रण करा. ते वाचून माणसे तासन्‌तास वाहिन्या शोधत बसतात आणि पडद्यावर मुंग्यांखेरीज काही येत नाही. यंत्र बिघडलेले नसते. काळ बदललेला असतो. यंत्राच्या पोटातला ग्राहक जुन्या, म्हणजे ॲनालॉग लहरी समजणारा आहे. मुंबईत केबलवरच्या त्या लहरी ३१ ऑक्टोबर २०१२ ला कायद्याने संपल्या आणि उरलेल्या देशात टप्प्याटप्प्याने २०१७ पर्यंत. दूरदर्शनची जमिनीवरील जुन्या पद्धतीची केंद्रेही, मोक्याच्या जागची काही सोडता, २०२२ पर्यंत बंद झाली. तेव्हा वाहिन्या शोधण्याचा नाद सोडावा. वाहिनी पकडण्याचे काम आता सेट टॉप बॉक्सचे. रेकॉर्डरने फक्त लिहून घ्यायचे. वक्ता वेगळा आणि लेखनिक वेगळा, अशी ही कामाची वाटणी आहे. बॉक्स केबलचा असो, नाहीतर मासिक वर्गणी नसलेल्या डीडी फ्री डिशचा, तत्त्व एकच.

जोडणी अशी. सेट टॉप बॉक्सच्या मागे तीन रंगांची भोके असतात : पिवळे चित्राचे, पांढरे डाव्या आवाजाचे, लाल उजव्या आवाजाचे. तिथून निघालेल्या तीन तारा रेकॉर्डरच्या ‘इन’ असे लिहिलेल्या भोकांत जायला हव्यात. रेकॉर्डरच्या पाठीवर तशाच रंगांची दुसरी रांग ‘आउट’ची असते, आणि दहांतले पाच घोटाळे या दोन रांगांच्या अदलाबदलीने होतात. पुढे रेकॉर्डरच्या ‘आउट’पासून दूरदर्शन संचाकडे. म्हणजे रेकॉर्डर मधोमध बसतो आणि सर्व चित्र त्याच्यातून वाहत जाते. काही नव्या बॉक्सना तीन भोकांऐवजी एकच बारीक भोक असते आणि त्यातून तीन शेंड्यांची तार निघते. या तारांत सर्वांचा मेळ सारखा नसतो. चित्र न येता नुसती गुणगुण ऐकू आली तर शेंडे आपसांत बदलून पाहावेत. त्यात कसलाही धोका नाही.

रेकॉर्डरच्या पाठीला एचडीएमआयचे भोक दिसले की लोकांना आनंद होतो आणि ते बॉक्सची एचडीएमआय तार त्यात खुपसतात. ते भोक बाहेर जाणाऱ्या चित्राचे आहे. त्यातून आत काही येत नाही. त्यामुळे बॉक्स हाय डेफिनिशनचा असला तरी रेकॉर्डरला मिळते ते तीन तारांतले साधे चित्र. बातमी आणि भाषण पाहायला ते पुरेसे आहे. बॉक्सच्या यादीत जाऊन पडद्याचे प्रमाण मात्र ठरवून घ्यावे, नाहीतर मुद्रणात मंत्री लांबट आणि कामगार पुढारी बुटके दिसतात.

तारा जोडल्यावर रिमोटवरील ‘इनपुट’ची कळ दाबत जावे. एल १, एल २ किंवा एव्ही १, एव्ही २ अशी नावे फिरतात. ज्या नावावर बॉक्सचे चित्र उमटेल ते कागदावर लिहून यंत्राला चिकटवावे. पुढे वेळ बांधताना हेच नाव लागते.

रातपाळीवाल्याचे खरे काम इथून सुरू होते. त्याला समोर बसून कळ दाबायची नाही. यंत्राने त्याच्या गैरहजेरीत जागे व्हायचे आहे. प्रथम घड्याळ. पूर्वी अनेक यंत्रे प्रक्षेपणातूनच वेळ उचलून घेत. ती सोय जुन्या लहरींबरोबर गेली. घड्याळ हाताने लावावे, आणि ‘ऑटो’ असे लिहिलेले असेल ते बंद करावे. मग टायमरच्या यादीत तारीख, सुरुवात, शेवट, दर्जा आणि ते चिकटवलेले नाव भरावे. सुरुवात पाच मिनिटे आधीची आणि शेवट दहा मिनिटे नंतरचा धरावा, कारण वाहिन्यांचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यासारखे नेमके नसते. हे सारे करूनही मुद्रण झाले नाही अशी तक्रार आमच्याकडे येते, तेव्हा कारण बहुधा एकच निघते. कित्येक यंत्रांत टायमर भरल्यावर यंत्र बंद तरी करावे लागते, नाहीतर ‘टायमर’ची कळ दाबून त्याला पहाऱ्यावर उभे करावे लागते. चालू ठेवलेले यंत्र आपल्या कामात गुंग राहते आणि वेळ निघून जाते.

शिवाय लेखनिक जागा झाला आणि वक्ताच झोपलेला असला तर काय लिहून घेणार? म्हणून सेट टॉप बॉक्स चालू आणि हव्या त्या वाहिनीवर लावलेला ठेवून जावे. काही बॉक्स दोनतीन तासांनी आपोआप झोपतात. ती सवय यादीतून काढून टाकावी. काहींना ठरल्या वेळी वाहिनी बदलण्याची आठवण लावता येते. असेल तर वापरावी. घरात मागे राहणाऱ्यांना सांगून ठेवावे की अमुक ते अमुक वेळ वाहिनी बदलायची नाही, कारण ते जे पाहतील तेच मुद्रित होणार. एका खोलीच्या संसारात ही वाटाघाट तारा जोडण्यापेक्षा कठीण जाते. मालिकेच्या वेळेवर हात टाकण्यापूर्वी घरच्या मंडळींशी करार करावा. वीज गेली तर बहुतेक यंत्रांचे घड्याळ पुसले जाते आणि टायमर झोपतो. जिथे वीज नेहमी जाते तिथे कामावर निघताना रोज घड्याळावर नजर टाकावी.

तबकड्यांविषयी थोडक्यात. ‘आर’ अक्षराची तबकडी एकदाच लिहिता येते; ‘आरडब्ल्यू’ची पुसून पुन्हा सुमारे हजार वेळा. पाहून पुसायचे असेल तर दुसरी, जपायचे असेल तर पहिली. साध्या तबकडीत ४.७ जीबी मावतात. त्यात एक्सपी दर्जाने एक तास, एसपीने दोन, एलपीने चार आणि ईपीने सहा किंवा आठ तास बसतात. एसपी हा समंजस दर्जा. एलपीत चित्राची बारीकी जवळजवळ निम्म्यावर येते. चर्चेला एलपी चालेल, कुस्तीला नाही. जुनी यंत्रे अतिवेगवान नव्या आरडब्ल्यू तबकड्या ओळखत नाहीत, म्हणून आधी एकच आणून पाहावी. ज्या यंत्रांत हार्ड डिस्क आहे त्यांत आधी तीवर मुद्रण करून निवडक तेवढेच तबकडीवर उतरवावे.

कधी यंत्र ‘मुद्रण करता येत नाही’ असा संदेश देते. त्या कार्यक्रमाच्या चित्रातच नकलेला मनाई करणारी खूण असते आणि यंत्र ती पाळते. अशा वेळी तारा उपटून काही लाभ नाही. अंगणात कुंपण घालण्याचा हक्क प्रक्षेपकाला असेल, पण तो पाहणाऱ्यास आगाऊ सांगत नाही, ही आमची तक्रार आहे.

आणि कायदा? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली बेटामॅक्स खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी का होईना, घरी मुद्रित करून नंतर पाहणे रास्त ठरवले. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ३७ व्या कलमाने प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क प्रक्षेपकाला दिला आहे. पण ३९ व्या कलमाप्रमाणे मुद्रण करणाराच्या खासगी उपयोगासाठी, किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन-संशोधनासाठी केलेले मुद्रण हा त्या हक्काचा भंग नाही. घरात पाहा, अभ्यासवर्गात उताऱ्यापुरते दाखवा. युनियनच्या हॉलमध्ये तिकीट लावून सिनेमा दाखवणे किंवा नकला काढून विकणे यात बसत नाही. असल्या उद्योगात आमची मदत मागू नये.

काय जपावे, याचे एक उदाहरण देतो. कामगार कायद्यांच्या चार संहितांपैकी वेतनाची २०१९ साली मंजूर झाली आणि उरलेल्या तीन लोकसभेत २२ व राज्यसभेत २३ सप्टेंबर २०२० ला, बहुतेक विरोधी सदस्य सभागृहाबाहेर असताना. संसदेचे कामकाज वाहिनीवरून दिसते. मंत्र्याने त्या दिवशी कोणते आश्वासन कोणत्या शब्दांत दिले, हे वाटाघाटीच्या टेबलावर ऐकीव सांगणे आणि तारीखवार पाहिलेले सांगणे, यांत फरक पडतो.

शेवटी तबकडी पक्की करावी. यंत्रात याला ‘फायनलाइझ’ म्हणतात. हे न केलेली तबकडी बहुधा त्याच यंत्रात चालते, शेजाऱ्याच्या नाही. यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात वीज गेली तर तबकडी वाया जाऊ शकते, म्हणून वीज स्थिर असतानाच हे काम काढावे. वरच्या बाजूला मऊ टोकाच्या पेनाने तारीख, वाहिनी आणि विषय लिहावा. बॉलपेन टेकवू नये. उभी, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. पावसाळा संपला की सर्व तबकड्या एकदा लावून पाहाव्यात, आणि जी अडखळेल तिची नक्कल त्याच आठवड्यात संगणकावर काढून घ्यावी.