दोष एकट्या माहेराचा नाही!

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या! एनएसएस कॅम्पला मोखाड्याच्या एका पाड्यावर आशाताई गरोदर बाईला विचारत होत्या, "तुझ्या आईला, बहिणीला दिवस असताना बीपी वाढलेला का गं?" मला प्रश्नच कळेना. मग वाचलं.

२० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर, बहुतेकदा लघवीत प्रथिनं, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया. आई-बहिणीला झालेला असेल तर धोका जास्त. पण वार बाळाच्याच जनुकांनी घडते आणि त्यातली निम्मी बापाची! २०१७ साली बाळाच्या एफएलटी-१ जनुकाजवळच धोक्याचा फरक सापडला. वारेतून या जनुकाचं प्रथिन जास्त सुटलं की आईच्या रक्तवाहिन्या बिघडतात.

जनुकं बदलत नाहीत, बीपी मात्र मोजता येतो. जव्हारच्या घाटात झटके येण्याआधी!