शस्त्रविक्रीवर संसदेचा पहारा

अमेरिकेने मित्रदेशाला एखादे मोठे शस्त्र विकायचे ठरवले, की सौदा पक्का करण्याआधी त्याची लेखी सूचना तिथल्या संसदेला, म्हणजे अमेरिकी काँग्रेसला, द्यावी लागते. घेणारा देश कोणता, माल कोणता, किंमत किती, हे सगळे त्या सूचनेत असते. त्यानंतर सरकारला ठरावीक दिवस थांबावे लागते आणि त्या मुदतीत काँग्रेस विक्रीला विरोध करू शकते. हा नियम १९७४ चा. तो नसताना काय घडू शकते, याचे काही ठळक दाखले भारत-पाकिस्तान सीमेवर मिळाले. एकदा संरक्षणमंत्री आणि एकदा परराष्ट्रमंत्री म्हणून या प्रश्नाला सामोरे गेले यशवंतराव चव्हाण.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे इथे झाला, तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होते. पुढे जिल्ह्याची विभागणी झाली. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, तर त्यांची कर्मभूमी कऱ्हाड साताऱ्यात राहिली. हा सगळा पट्टा फौजेत माणसे धाडणारा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला आहे आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली, तेव्हा यशवंतराव राज्याचे मुख्यमंत्री होते. सीमेपलीकडच्या फौजेला कोणते रणगाडे मिळतात, हा प्रश्न या गावांना घरचाच होता.

पाकिस्तानला अमेरिकी शस्त्रे मिळू लागली ती १९ मे १९५४ च्या परस्पर संरक्षण साहाय्य करारानंतर. पाकिस्तान सिएटो आणि बगदाद करारातही सामील झाला, म्हणजे रीतसर मित्रराष्ट्र बनला. शस्त्रे कम्युनिस्ट आक्रमणापासून बचावासाठी आहेत, भारताविरुद्ध वापरली तर योग्य कारवाई करू, असे आश्वासन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्राने दिले होते. त्या काळात बरीचशी शस्त्रे विकली जात नसत, मदत म्हणून दिली जात. मदतीला पैसा लागतो आणि पैसा दरवर्षी काँग्रेसने मंजूर करावा लागतो. त्यामुळे तिजोरीची किल्ली हाच काँग्रेसचा पहारा होता. पण शस्त्र एकदा हाती पडले, की त्याचे तोंड कोणत्या दिशेला वळते हे अर्थसंकल्पातून ठरवता येत नाही.

चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात अभिमानाने म्हटले गेले. शस्त्रे मागायला मात्र सह्याद्रीलाही वॉशिंग्टनला जावे लागले. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत देऊ केली होती, पण भारताला हवी असलेली एफ-१०४ स्टारफायटर विमाने देण्यास अमेरिका तयार नव्हती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेत वाटाघाटी करत असतानाच २७ तारखेला नेहरूंचे निधन झाले आणि दौरा अर्धवट राहिला. पुढे लष्करी मदतीचा करार झाला, विमाने मिळाली नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस यशवंतराव मॉस्कोला गेले आणि मिग-२१ विमानांचा मार्ग पक्का झाला. भारतीय हवाई दल पुढची कित्येक दशके रशियन बनावटीच्या विमानांवर उभे राहिले, त्याच्या मुळाशी हा नकार आहे.

सप्टेंबर १९६५ मध्ये आयझेनहॉवर यांच्या आश्वासनाची परीक्षा झाली. खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे उसाच्या आणि पाण्याने भरलेल्या शेतांत अडकले. शंभराच्या आसपास रणगाडे नष्ट झाले किंवा भारताच्या हाती लागले, आणि ते जिथे जमा केले त्या जागेला लोक पॅटननगर म्हणू लागले. सियालकोट भागात फिलोऱ्याजवळ भारताच्या पूना हॉर्स पलटणीचे सेंच्युरियन रणगाडे लढले. ते ब्रिटिश, समोरचे पॅटन अमेरिकी. ८ सप्टेंबरला अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा थांबवला. आश्वासन असे पाळले गेले, की आक्रमण करणारा आणि झेलणारा एकाच पंगतीला बसवला गेला. तरी बंदीचा खरा फटका पाकिस्तानलाच बसला, कारण त्याची जवळपास सारी फौज अमेरिकी सुट्या भागांवर चालत होती. ही बंदी काँग्रेसने नव्हे, सरकारने घातली होती. घालणारा तोच उठवणाराही, ही त्यातली मेख दहा वर्षांनी यशवंतरावांनाच भोवली.

मधल्या काळात बंदीला भोके पडत गेली. ऑक्टोबर १९७० मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ‘एकदाच सवलत’ म्हणून पाकिस्तानला चिलखती गाड्या आणि विमाने देऊ केली. २५ मार्च १९७१ ला ढाक्यात लष्करी दडपशाही सुरू झाल्यावर अमेरिकी सरकारने पुरवठा थांबल्याचे सांगितले. पण आधी दिलेल्या परवान्यांवर लष्करी माल भरलेली पाकिस्तानी जहाजे न्यूयॉर्कहून निघत असल्याची बातमी जूनमध्ये वर्तमानपत्रात झळकली. सिनेटर फ्रँक चर्च आणि विल्यम सॅक्सबी यांनी पाकिस्तानची मदत रोखणारी दुरुस्ती मांडली. उरलेले परवाने रद्द व्हायला मात्र नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरच्या युद्धात तर व्हाइट हाउसने जॉर्डनमार्फत एफ-१०४ विमाने पाकिस्तानला पोहोचू दिली. अमेरिकी शस्त्र तिसऱ्या देशाच्या हाती असे सोपवणे कायद्यात बसत नाही, असा सल्ला निक्सन यांच्याच अधिकाऱ्यांनी दिला होता. काँग्रेसला हे वेळेवर कळण्याची कोणतीही सोय नव्हती.

१९७४ चा कायदा मात्र केवळ दक्षिण आशियामुळे झाला नाही. मोठे कारण पैशाचे होते. तेलाचे भाव भडकल्यावर इराण आणि सौदी अरेबिया रोख पैसे मोजून शस्त्रे घेऊ लागले आणि अमेरिकेची वार्षिक लष्करी विक्री दहा अब्ज डॉलरच्या घरात गेली. मदत आटून विक्री वाढली, तशी तिजोरीची किल्ली निरुपयोगी झाली. गिऱ्हाईकच पैसे देत असेल, तर मंजुरी कशाची अडवायची? व्हिएतनाम आणि वॉटरगेटमुळे राष्ट्राध्यक्षांवरचा विश्वासही उडाला होता. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन आणि प्रतिनिधी जोनाथन बिंगहॅम यांच्या दुरुस्तीने अडीच कोटी डॉलरहून मोठा प्रत्येक सौदा काँग्रेसपुढे आणणे सक्तीचे केले. वीस दिवसांत दोन्ही सभागृहांनी विरोधी ठराव केला तर सौदा रद्द, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही लागणार नव्हती.

कायदा नवा असतानाच, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सरकारने भारत-पाकिस्तानवरची दहा वर्षांची बंदी उठवली. त्याच महिन्यात पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो वॉशिंग्टनला जाऊन आले होते. नवा नियम इथे आड आला नाही, कारण तो एकेका सौद्याला लागू होता, धोरणाला नव्हे. यशवंतराव आता परराष्ट्रमंत्री होते. मार्चमध्ये भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या बैठकीसाठी त्यांचा वॉशिंग्टन दौरा ठरला होता; निषेध म्हणून तो त्यांनी पुढे ढकलला. योगायोग असा, की अमेरिकेचे नवे राजदूत म्हणून त्याच सुमारास दिल्लीत आले ते १९७१ ची दुरुस्ती मांडणारे सॅक्सबी. आयोगाची बैठक अखेर ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला झाली आणि यशवंतराव तिला गेले. तोवर भारतात आणीबाणी लागू झाली होती. अमेरिकेत कायदेमंडळ सरकारच्या मुसक्या आवळत असताना दिल्लीत नेमके उलटे चालले होते, ही गोष्ट त्या वर्षाच्या मराठी वर्तमानपत्रांना मोकळेपणाने लिहिता येण्याजोगी नव्हती.

३० जून १९७६ रोजी शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा अमलात आला आणि मुदत तीस दिवसांची झाली. आज मोठ्या लष्करी सामग्रीचा सौदा १ कोटी ४० लाख डॉलरचा किंवा एकूण व्यवहार ५ कोटी डॉलरचा झाला, की सूचना द्यावी लागते. नाटोचे सदस्य आणि जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंड यांच्यासाठी रक्कम जास्त आणि मुदत पंधराच दिवसांची आहे. भारत या यादीत नाही.

या अधिकाराची मोठी लढाई १९८१ मध्ये झाली. सौदी अरेबियाला टेहळणी विमाने विकण्याचा साडेआठ अब्ज डॉलरचा सौदा प्रतिनिधीगृहाने ३०१ विरुद्ध १११ मतांनी फेटाळला, पण सिनेटमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो ५२ विरुद्ध ४८ ने वाचवला. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने, भलत्याच विषयावरच्या, स्थलांतराच्या एका खटल्यात, राष्ट्राध्यक्षांच्या सहीशिवायचे असे ठराव घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून विरोधी ठरावावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. १९८६ मध्ये सौदीला विकायच्या क्षेपणास्त्रांबाबत ती एका मताने हुकली. २०१९ मध्ये सौदी आणि संयुक्त अरब अमिरातीबाबतचे तीन ठराव ट्रम्प यांनी नाकारले आणि ते नाकारलेलेच राहिले. या वाटेने आजवर एकही सौदा अडलेला नाही.

म्हणून पहारा नुसता दिखाऊ आहे असे समजणे चुकीचे. त्याचा जोर मतदानात नाही, विलंबात आहे. रीतसर सूचनेआधी परराष्ट्र खाते सिनेट आणि प्रतिनिधीगृहाच्या परराष्ट्र समित्यांचे अध्यक्ष व विरोधी पक्षाचे प्रमुख सदस्य, अशा चौघांना विचारते. त्यांपैकी एकानेही हरकत घेतली तर सरकार सहसा पुढे जात नाही. २०१६ मध्ये पाकिस्तानला आठ एफ-१६ विमाने विकण्याविरुद्धचा ठराव सिनेटने ७१ विरुद्ध २४ मतांनी बाजूला सारला, म्हणजे मतदानात पाकिस्तान जिंकला. पण समितीचे अध्यक्ष बॉब कॉर्कर यांनी त्या विमानांसाठी अमेरिकी अनुदान वापरू दिले नाही. पूर्ण पैसे खिशातून द्यायची पाकिस्तानची तयारी नव्हती आणि सौदा बारगळला.

कायद्यातच अट घालून ठेवणे हा याहून कठोर मार्ग. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीनुसार पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही असे राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचे होते. ऑक्टोबर १९९० मध्ये ते देता आले नाही आणि पाकिस्तानने ज्यांचे पैसे भरले होते ती २८ एफ-१६ विमाने अमेरिकेतच अडकून पडली.

भारत आता स्वतः या रांगेत आहे. ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या सुमारे चार अब्ज डॉलरच्या सौद्याची सूचना १ फेब्रुवारी २०२४ ला काँग्रेसकडे गेली, ती सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी हरकत मागे घेतल्यावर. अमेरिकेत एका शीख फुटीरतावाद्याच्या हत्येच्या कटाची चौकशी होईल, याची खात्री त्यांना हवी होती. करारावर सह्या १५ ऑक्टोबरला झाल्या.

आणि भारत आता विक्रेताही आहे. २०२३-२४ मध्ये देशाची संरक्षण निर्यात २१,०८३ कोटी रुपये होती. ब्रह्मोस क्षेपणास्त्रे फिलिपिन्सला गेली. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या कल्याणी समूहाने साडेपंधरा कोटी डॉलरच्या तोफांचे निर्यात कंत्राट शेअर बाजाराला कळवले; घेणारा देश कोणता, हे मात्र सांगितले नाही. असल्या निर्यातीला संरक्षण उत्पादन विभाग परवानगी देतो. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे, पण ती मुख्यतः अनुदानाच्या मागण्या तपासते. खासदारांनी देशांची नावे विचारली तर सामरिक कारण देऊन ती अनेकदा सांगितली जात नाहीत. इस्रायलला होणारी शस्त्रनिर्यात थांबवावी ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, परराष्ट्र धोरण हा सरकारचा प्रांत असल्याचे सांगून, फेटाळली. मोठ्या शस्त्रविक्रीची आगाऊ सूचना संसदेला देण्याची सक्ती करणारा कायदा भारतात नाही.