लासलगावचा कांदा आणि कोबाल्ट-६०

पावसाळा लागला की चाळीतल्या कांद्याला कोंब फुटू लागतात आणि महिनोन्‌महिने राखलेला माल हातचा जातो. या दुखण्यावर उपाय म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली नाशिक जिल्ह्यात लासलगावला 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारले. तिथे कांद्यावर कसलेही औषध मारत नाहीत. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीतून कांदा फिरून येतो, एवढेच. पण त्यानंतर त्याला कोंब फुटत नाही. ही करामत कोबाल्ट-६० या धातूची.

खाणीतून निघणारा कोबाल्ट किरणोत्सारी नसतो. काचेला निळा रंग देणारा आणि बी-१२ जीवनसत्त्वात असणारा तो हाच. त्याच्या अणुकेंद्रात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून ५९ कण असतात. हा धातू अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवला, की अणुकेंद्र एक न्यूट्रॉन गिळते आणि ५९ चे ६० होतात. आपल्याकडे राजस्थानातल्या रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात असा कोबाल्ट तयार होतो.

हा जादा न्यूट्रॉन अणुकेंद्राला पेलत नाही. कधी ना कधी एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो आणि कोबाल्टचे निकेल बनते. हे नवे निकेल शांत होताना दोन जोरकस गॅमा किरण सोडते. इलेक्ट्रॉन कोबाल्टभोवतीच्या पोलादी आवरणातच अडतो, गॅमा किरण मात्र आरपार जातात. सुमारे सव्वा सेंटिमीटर जाडीचे शिसे मध्ये धरले, तरी त्यांतले निम्मेच अडतात.

विकिरण केलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होत असेल का, ही शंका अनेकांच्या मनात असते आणि ती रास्त आहे. तसे होत नाही. एखादा पदार्थ किरणोत्सारी व्हायचा, तर त्याच्या अणुकेंद्रात बदल व्हायला हवा. तेवढी ऊर्जा या किरणांत नसते. ते अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना उडवतात आणि पेशींतल्या डीएनएची मोडतोड करतात. एक्स-रे काढून आलेला माणूस घरी येऊन किरण सोडत बसत नाही, तसेच हे.

या मोडतोडीचा सर्वाधिक फटका विभाजन होत असलेल्या पेशींना बसतो. कांद्याचा कोंब अशाच पेशींतून वाढतो. कर्करोगाची गाठही अशाच पेशींची. म्हणून १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० ने कर्करोगावर उपचार सुरू झाले. भारतात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी 'भाभाट्रॉन' हे यंत्र विकसित केले. पण आपल्या अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशीही सतत विभागत असतात. धोका तिथेच आहे.

किरणांची मात्रा 'ग्रे' या एककात मोजतात. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे पुरतात. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला किडींच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे द्यावे लागतात, तर इंजेक्शनच्या सिरिंज निर्जंतुक करायला सुमारे २५,००० ग्रे. माणसाच्या सगळ्या शरीरावर एकदम ४-५ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात.

एवढ्या ताकदीच्या वस्तूला बंद करण्याचे बटण नाही. काम संपले की विकिरण केंद्रात तिला खोल पाण्याच्या हौदात उतरवतात आणि इस्पितळातल्या यंत्रात शिशाच्या कवचाआड ओढून घेतात. किरण निघतच राहतात, आपण फक्त आडोसा करतो. दर सव्वापाच वर्षांनी तिचा जोर निम्मा होतो, पण 'जुनी झाली म्हणजे निरुपद्रवी झाली' असे कुणी समजू नये. दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतले कोबाल्टचे एक यंत्र १९८५ पासून वापराविना पडून होते. पंचवीस वर्षांत त्याचा जोर सत्ताविसाव्या हिश्श्यावर आला होता. २०१० साली ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात मजुरांनी ते फोडले. एका दुकानदाराने त्यातला एक तुकडा पाकिटात ठेवला. काही दिवसांत माणसांची कातडी काळी पडली, केस गळले. एका कामगाराचा मृत्यू झाला. त्या मजुरांचा यात काहीही दोष नव्हता. आत काय आहे हे ज्यांना माहीत असायला हवे होते, त्यांच्या नोंदीतूनच ते यंत्र निसटले होते.

तुमच्या गावात, कारखान्यात किंवा भंगाराच्या दुकानात आकाराच्या मानाने फार जड असा शिशाचा डबा दिसला किंवा तीन पाकळ्यांचे किरणोत्साराचे चिन्ह दिसले, तर ती वस्तू फोडू नका आणि उचलू नका. सगळ्यांना लांब न्या आणि ११२ वर पोलिसांना कळवा.