सांडपाण्यातील औषधांवर नॅनोकणांचा उतारा

अँटिबायोटिकची गोळी घेतली, संसर्ग बरा झाला, की आपल्यापुरता विषय संपतो. औषधाचा प्रवास मात्र सुरूच राहतो. अमॉक्सिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारख्या प्रतिजैविकांचा बराचसा भाग लघवीवाटे जसाच्या तसा बाहेर पडतो आणि गटारातून मलनिस्सारण केंद्रात पोहोचतो.

नाशिकमध्ये तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक येथे अशी केंद्रे आहेत. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जिवाणूंकरवी कमी करणे, हे अशा केंद्रांचे मुख्य काम. औषधांचे रेणू पकडण्यासाठी त्यांची रचना केलेली नसते. त्यामुळे काही प्रतिजैविके गाळात अडकतात, तर काही प्रक्रिया केलेल्या पाण्यासोबत नदीत जाऊ शकतात. तिथे त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. पण धोका तिथेच आहे. एवढ्याशा औषधाने जिवाणू मरत नाहीत, उलट त्याला सरावतात आणि प्रतिरोधाची जनुके एकमेकांना देतात. पुण्यात मुठा नदीच्या गाळात अशी जनुके शहराच्या वरच्या भागापेक्षा शहरात कितीतरी पटींनी जास्त असल्याचे २०१७ मधील अभ्यासात दिसले. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात २००७ मध्ये लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळले होते. रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते.

यावर नॅनोकणांचा उपाय तपासला जात आहे. एक सेंटिमीटरच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर तो सुमारे ६०० चौरस मीटर होतो. पृष्ठभाग जितका मोठा, तितकी अभिक्रियेला जागा जास्त. रंगांत वापरल्या जाणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या अशा कणांवर अतिनील किरण पडले, की पाण्यात हायड्रॉक्सिल हे अतिशय क्रियाशील घटक तयार होतात आणि औषधाचा रेणू तोडतात.

अडचणीही आहेत. सूर्यप्रकाशात अतिनील किरण जेमतेम पाच टक्के असतात. खऱ्या सांडपाण्यातली इतर घाणच हे क्रियाशील घटक संपवते. अर्धवट तुटलेले तुकडेही कधी अपायकारक ठरतात. शिवाय कण पाण्यात सुटले, तर तेच नवे प्रदूषण. म्हणून ते काचेवर किंवा मण्यांवर बसवतात, किंवा चुंबकाने गोळा करता यावेत म्हणून त्यांना लोहाच्या ऑक्साइडची जोड देतात.

त्यामुळे शहरभराच्या पाण्यापेक्षा रुग्णालये आणि औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर, ते गटारात मिसळण्याआधीच, असा उपाय करणे अधिक व्यवहार्य. तिथे पाणी कमी आणि औषध जास्त असते. नाशिकसाठी हा प्रश्न जवळचा आहे, कारण २०२७ मध्ये सिंहस्थासाठी लाखो भाविक गोदावरीत उतरतील.

तोवर घरी करण्यासारखे एवढेच: साध्या सर्दीला अँटिबायोटिक घेऊ नये, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तर नाहीच, आणि उरलेल्या गोळ्या शौचकुपात टाकू नयेत.