अंबरनाथच्या देवळास जातांना

बदलापुरांत कोणाच्या घरीं पाहुणे आले म्हणजे दुसऱ्या दिवशीं अंबरनाथच्या देवळास जाण्याचा बेत हटकून निघतो. एका स्टेशनाचें अंतर, गाडींत जेमतेम दहा मिनिटें, तेव्हां त्याला तयारी ती कसली करावयाची, असें पुष्कळांस वाटतें. आणि नेमका याच समजुतीमुळें हा लहानसा प्रवास बहुधा फसतो. आजीबाई पायऱ्यांच्या तोंडाशीं घाम पुशीत उभ्या, लेकुरवाळी सून पोर सांभाळतां सांभाळतां कांहींच न पाहतां परत, मुलें नंदीच्या पाठीवर, आणि कर्त्या मंडळींचे डोळे घड्याळाकडे! दूरदेशचा प्रवासी या वास्तूची इतकी हेळसांड करीत नाहीं. ती आपण शेजारीच करतों.

हें देऊळ केवढ्या योग्यतेचें आहे हें निघण्यापूर्वीं घरांतील सर्वांस ठाऊक असावें. ठाण्याच्या शिलाहार घराण्यांतील छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि हे तिघे भाऊ एकामागून एक उत्तर कोंकणच्या गादीवर बसले. देवळाचें काम छित्तराजाच्या वेळचें आणि तें मुम्मुणीच्या कारकीर्दींत शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० मध्यें पूर्ण झालें, असें शिलालेखावरून विद्वान मानतात. पांडवांनीं एका रात्रींत हें देऊळ उभारिलें आणि उजाडल्यामुळें शिखर अपुरें राहिलें, ही कथाही मुलांना अवश्य सांगावी. मात्र कथा ती कथा आणि लेख तो लेख, हेंही त्याच वेळीं सांगावें. दहा वर्षांच्या मुलाला हा भेद कळतो, आणि कळला म्हणजे कथेची गोडी कांहीं कमी होत नाहीं.

शिखराची धाटणी भूमिज म्हणून ओळखली जाते. चारही बाजूंस खालून वर गेलेली एकेक उभी पट्टी, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेंत एकावर एक रचलेल्या चिमुकल्या शिखरांच्या ओळी, ही तिची खूण. येथें वरचा भाग आज उरलेला नाहीं. संपूर्ण शिखर कसें दिसतें हें पाहावयाचें असेल तर सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ पाहावें. ज्यांनीं सिन्नर पाहिलें आहे त्यांना अंबरनाथ अधिक चांगलें समजतें, असा आमचा अनुभव आहे.

आतां दिवसाची निवड. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते आणि श्रावणी सोमवारींही गर्दी असते. त्या दिवशीं जावयाचें तर दर्शनासाठीं जावें, धडधाकट माणसांनीं जावें, आणि रांगेंत तासन्‌तास उभें राहण्याची तयारी ठेवून जावें. शिल्प पाहण्याचा, मुलांना दाखविण्याचा किंवा वृद्धांना नेण्याचा तो दिवस नव्हे. दोन्ही हेतु एकाच खेपेंत साधूं पाहणारा एकही धड साधीत नाहीं. कामाच्या दिवशीं सकाळीं बदलापुराहून कल्याणकडे जाणाऱ्या गाड्यांत चाकरमान्यांची काय दाटी असते हें बदलापूरकरांस सांगावयास नकोच. सत्तर वर्षांच्या माणसाला त्या दाटींत लोटणें हा अविचार होय. तेव्हां रविवार किंवा सुटीचा दिवस धरावा आणि पहिल्या प्रहरींच निघावें. देऊळ काळ्या पाषाणाचें आहे, आणि तेथें अनवाणी चालावयाचें असतें. चैत्र-वैशाखांत दहा वाजून गेले कीं तो पाषाण तव्यासारखा तापतो आणि मुलें एका पायावर नाचूं लागतात. देवळाचें तोंड पश्चिमेस असल्यामुळें सकाळचें ऊन मागच्या भिंतीवर आणि दुपारनंतरचें पुढील दारावर येतें. ज्यांना मूर्तींचें रेखाटन करावयाचें असेल त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. तिरप्या उन्हांत कोरीव काम जसें उठून दिसतें तसें डोक्यावरच्या उन्हांत दिसत नाहीं.

स्टेशनापासून देऊळ पूर्वेस सुमारें दोन किलोमीटरांवर आहे. घरची नऊ माणसें असलीं तर तीन रिक्षा लागतात, म्हणून कोणी कोणाबरोबर बसावयाचें हें घरींच ठरवावें आणि प्रत्येक रिक्षांत एक जाणतें माणूस असावें. प्रातर्विधि, मुलांचें खाणें, औषधें हें सर्व घरीं उरकून निघावें. शिदोरी देवळाच्या आवारांत सोडूं नये. बरोबर पाणी व मुलांपुरत्या दशम्या असल्या म्हणजे पुरे. सातास निघालेली मंडळी जेवावयास घरीं परत येऊं शकते.

सर्वांत अधिक विचार करावयाचा तो गाभाऱ्याचा. तो मंडपाच्या पातळीहून बराच खोल आहे. सुमारें वीस पायऱ्या उतराव्या तेव्हां पिंडीपाशीं पोंचतां येतें. उजेड बेताचा, पायऱ्या दगडी, आणि अभिषेकाचें पाणी व दूध सांडून त्या पुष्कळदा निसरड्या झालेल्या असतात. म्हातारपणीं खुब्याचें हाड मोडलें म्हणजे अंथरूण धरावें लागतें, आणि कित्येकदां त्यांतून उठणें होत नाहीं. असें असूनही पायऱ्यांच्या तोंडाशीं जो संवाद ऐकूं येतो तो मोठा विलक्षण असतो. "एवढ्या दूर आलांत आणि देवाला हात न लावतां जाणार?" असें कोणीतरी म्हणतें, आजींना तें लागतें, आणि गुडघे दुखत असतांही त्या पदर खोंचून निघतात. घरच्या कर्त्यानें हा प्रसंग येऊंच देऊं नये. मंडपांतून हात जोडलेलें दर्शन उणें असतें, असें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे? ज्यांना उतरावयाचें नाहीं त्यांच्या हातचीं बेलाचीं पानें दुसऱ्यानें खालीं नेऊन त्यांच्या नांवानें वाहावीं. आणि हें आदल्या दिवशींच, चारचौघांत नव्हे, एकान्तांत त्यांच्याशीं बोलून ठरवावें. वडील माणसांचा मान राखावयाचा तो असा.

मंडळींच्या दोन तुकड्या कराव्या. एक खालीं गेली असतां दुसरीनें वर वृद्ध व तान्हीं मुलें सांभाळावीं, मग पाळी बदलावी. ही पाळी सुनांपुरतीच ठेवूं नये. पुरुषांनींही मूल घेऊन मंडपांत अर्धा तास बसावें. बसून पाहण्यासारखें तेथें पुष्कळ आहे. मधले चार खांब आणि त्यांवर तोललेलें कोरीव छत यांकडे पाहतां पाहतां अर्धा तास सहज जातो. उतरतांना नऊवारी नेसलेल्या बायकांनीं निऱ्या आंवराव्या, हातांत तबक घेऊं नये. नारळ फोडावयाचा तो नेमलेल्या जागींच फोडावा. पायरीवर फोडलेल्या नारळाचें पाणी मागून येणाऱ्या कोणाला तरी पाडतें.

बाहेरील भिंती पाहतांना आपला जुना आचार चांगला उपयोगीं पडतो. शंकराची प्रदक्षिणा पुरी करीत नाहींत. सोमसूत्रापर्यंत जावयाचें आणि तें न ओलांडतां आल्या वाटेनें परतावयाचें. या रीतीनें चालल्यास प्रत्येक मूर्ति दोनदां दृष्टीस पडते, एकदां जातांना व एकदां उलट बाजूनें येतांना. पहिल्या खेपेस मुलांना नुसतें पाहूं द्यावें. दुसऱ्या खेपेस गजासुराला मारणारा शिव कोठें, नृत्य करणारा कोठें, हें त्यांनींच शोधावें. सर्व मूर्ति ओळखण्याचा हट्ट मोठ्यांनींही धरूं नये. पुष्कळशा झिजलेल्या आहेत, आणि अंदाजानें ठोकून दिलेलें नांव मूल जन्मभर खरें मानून चालतें. ज्यांना नेटकें समजून घ्यावयाचें आहे त्यांच्यासाठीं कुमुद कानिटकर यांचा या देवळावरील ग्रंथ आहे.

मूर्तींस हात लावूं नये, कुंकू लावूं नये, तेल तर मुळींच ओतूं नये. भक्तीनें लावलेल्या बोटाला दगड झिजवितां येत नाहीं असें ज्यांना वाटतें त्यांनीं शिलालेखाची हकीकत ऐकावी. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर तो लेख आहे. डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्या मातबर विद्वानानें त्यांतील शक ७८२ असा वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो ९८२ असल्याचें दाखविलें. एका आंकड्यावर दोनशें वर्षांचा फरक! ज्या दगडावरची अक्षरें अशा पंडितांनाही इतकीं कष्टानें लागलीं, त्यावर तेलाचें एक पूट चढविणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. १८६८ च्या सुमारास मुंबई सरकारनें टेरी यांच्या देखरेखीखालीं जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून येथील कामाचीं चित्रें व सांचे करविले. तेव्हांपासून या देवळाची अभ्यासकांत कीर्ति आहे. आज तें केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणांत असून, संरक्षित वास्तूची खराबी करणाऱ्यास २०१० च्या दुरुस्तीप्रमाणें दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. पण कायद्याची भीति घालून मुलांना वळण लावण्याची पाळी सुशिक्षित घरांत येऊं नये. खडूनें नांव लिहिणारा मुलगा बहुधा बापाला पाहून लिहितो.

फोटो काढण्यासंबंधीं तेथील फलक वाचावा आणि पुजाऱ्यांस विचारावें; पिंडीपुढें पूजा चालली असतां तर काढूंच नयेत. देवळाच्या कडेनें वाहणारी वालधुनी नदी कारखान्यांच्या व गटारांच्या पाण्यानें फार दूषित झालेली आहे. मुलांना तींत उतरूं देऊं नये, निर्माल्य तींत टाकूं नये, आणि तीर्थ म्हणून तिचें पाणी डोळ्यांना लावूं नये. नदीला हात जोडण्याची सवय असलेल्या जुन्या माणसांना हें ऐकून वाईट वाटतें, आणि वाटावेंच.

या सर्वाला दोन तास पुरतात. त्याहून अधिक वेळ लहान मुलें दम धरीत नाहींत. परततांना एवढें पाहावें कीं मुंबईहून येणारी अंबरनाथ लोकल तेथेंच संपते, तिचा आपल्याला उपयोग नाहीं. बदलापूर, कर्जत किंवा खोपोली यांपैकीं जी गाडी आधीं येईल ती धरावी, वृद्धांना फलाटावरच्या बाकावर अगोदर बसवावें, आणि आलेल्या गाडींत फार दाटी दिसली तर ती सोडून मागून येणारीची वाट पाहावी.