बर्फ हटविण्याचा करार आणि विम्याचे संरक्षण

अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यात दुकाने, कचेऱ्या व वाहनतळ यांवरील बर्फ हटविण्याचे काम पुष्कळदा कंत्राटदाराकडे सोपविले जाते. व्यवहार वरवर पाहता किरकोळ आहे. परंतु त्या बर्फावरून एखादा मनुष्य घसरून पडला, म्हणजे भरपाई कोणी द्यावयाची या एका प्रश्नात करार, अपकृत्य आणि विमा या विधिशास्त्राच्या तिन्ही शाखा एकत्र येतात.

कंत्राटदाराचा करार जागेच्या मालकाशी झालेला असतो. पडणारा मनुष्य त्या कराराला त्रयस्थ होय. न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयाने, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सने, २००२ मध्ये मेलव्हिल स्नो कॉन्ट्रॅक्टर्स या कंपनीविरुद्धच्या खटल्यात असा निर्णय दिला की, केवळ करारातील कर्तव्यामुळे त्रयस्थाविषयी अपकृत्याची जबाबदारी सामान्यतः उत्पन्न होत नाही. याला अपवाद तीन: कंत्राटदाराने निष्काळजीपणाने स्वतःच धोका निर्माण केला असेल, त्रयस्थ व्यक्ती कामाच्या सातत्यावर विसंबल्यामुळे तिचे नुकसान झाले असेल, किंवा जागा सुरक्षित राखण्याचे मालकाचे सर्व कर्तव्य कंत्राटदाराने आपल्या शिरावर घेतले असेल. यांतील पहिल्या अपवादाची विचारसरणी न्या. कार्डोझो यांच्या १९२८ मधील एका निर्णयापर्यंत मागे नेता येते; तो वाद पाणीपुरवठा कंपनी व आगीने झालेले नुकसान यांविषयी होता. मेलव्हिल खटल्यातील करारानुसार हिमवृष्टी थांबून थर तीन इंचांपेक्षा अधिक झाल्यावरच बर्फ लोटावयाचा होता. नुसता बर्फ लोटल्याने धोका निर्माण झाला वा वाढला असे म्हणता येत नाही, म्हणून कंत्राटदार सुटला.

आमच्या मते तर्कदृष्ट्या हा निर्णय योग्य आहे. पण त्याचा अर्थ मालकाने नीट समजून घ्यावयास हवा. तीन इंचांहून कमी बर्फ, तसेच दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारे पाणी, हे करारात नसेल तर ते मालकाचेच राहते. पायी चालणाऱ्याला धोका बहुधा याच पातळ थराचा असतो. तेव्हा किती इंचांनंतर काम सुरू व्हावयाचे, मीठ कोणी व कोणाच्या सांगण्यावरून टाकावयाचे, पुन्हा पाहणी केव्हा करावयाची, हे शब्द दरापेक्षाही महत्त्वाचे ठरतात. खर्च वाचविण्यासाठी मालक मीठ टाकण्यास मनाई करतो आणि त्याच करारात क्षतिपूर्तीचे कलम घालून अपघाताचा सर्व भार कंत्राटदारावर लोटतो, असेही घडते. इलिनॉय राज्याने २०१६ मध्ये व कोलोरॅडोने २०१८ मध्ये कायदे करून अशी कलमे निरर्थक ठरविली. ज्याला काम करू नको असे करारानेच सांगितले, त्याने त्या न केलेल्या कामाची भरपाई द्यावी, हे मुळात न्यायाला धरून नव्हतेच. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२४ मध्ये वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या अथवा अन्य कोणाच्याही वर्तनामुळे होणारी हानी येते. त्या व्यापक व्याख्येशी या मर्यादेची तुलना विद्यार्थ्यांनी अवश्य करून पाहावी.

क्षतिपूर्तीचे वचन देणाऱ्याच्या ऐपतीएवढेच मोलाचे असते, म्हणून विमा. येथे एक पेच आहे. सार्वजनिक दायित्वाच्या सर्वसाधारण विमापत्रातून मोटारगाडीच्या वापरामुळे होणारी हानी वगळलेली असते, आणि बर्फ लोटणारा ट्रक ही मोटारगाडीच मानली जाते. उलट, मोटारीच्या व्यावसायिक विमापत्रातून काम पूर्ण झाल्यानंतर त्या कामामुळे उद्भवणारी हानी वगळतात. ट्रक निघून गेल्यावर तासाभराने कोणी पडला तर दोन्ही विमापत्रे आपापल्या अपवादाकडे बोट दाखवू शकतात. ही फट बुजविण्यासाठी बर्फ लोटण्याच्या कामाची स्वतंत्र पुरवणी सर्वसाधारण विमापत्रास जोडता येते. ती जोडली आहे की नाही हे मालकाने प्रत्यक्ष वाचून पाहिले पाहिजे. कामगारांच्या भरपाईचा विमा याहून निराळा.

मालक पुष्कळदा विमा असल्याच्या प्रमाणपत्रावर समाधान मानतो. वस्तुतः ते केवळ माहितीसाठी असते. धारकास त्यामुळे कोणताही हक्क मिळत नाही, हे त्यावरच छापलेले असते. हक्क हवा असेल तर मालकाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून मूळ विमापत्रावरील पुरवणीने नोंदविले गेले पाहिजे, आणि ती नोंद पूर्ण झालेल्या कामासही लागू असली पाहिजे. विमापत्राची मुदत ऐन हिवाळ्यात संपत असेल, तर नूतनीकरणाचा पुरावा मागण्याचा अधिकार करारातच लिहून घ्यावा.